कापडातले भोक: बंद, काज आणि कडी

कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी. तिच्यात भोक पाडायचे म्हणजे काही धागे तोडायचे, आणि एक धागा तुटून मोकळा झाला की तो शेजारच्यालाही सैल करतो. त्या भोकातून दोरी ओवून ताणली, तर सगळा ताण कडेच्या दोन-चार धाग्यांवर येतो. ते सुटतात, मग त्यांच्या मागचे सुटतात, आणि भोकाची चीर होते. म्हणून ज्या भोकातून दोरी, नाडी किंवा बटण जायचे असते त्याची कड बांधून घ्यावी लागते. कड बांधायला कुठे सूत वापरतात, कुठे कातड्याचा तुकडा, कुठे दोराचे वेटोळे, तर कुठे धातूची कडी.

कातड्याचे गणित वेगळे आहे. त्यात विणलेले धागे नसतात, गुंतलेले तंतू असतात. त्यामुळे भोक पाडले तरी कड उसवत नाही. पण ओल आणि ताण यांनी कातडे ओढले जाते, गोल भोक लांबट होते आणि शेवटी कडेपर्यंत फाटते. चांभार पट्ट्याचे भोक कडेपासून पुरेसे आत घेतो ते एवढ्यासाठीच.

भोक करण्याच्या रीतीही दोन आहेत. आरीने टोचले की धागे तुटत नाहीत, बाजूला सारले जातात आणि भोकाभोवती दाटीने उभे राहतात. पंचाने किंवा कात्रीने कापले की भोक नेमक्या मापाचे होते, पण धागे कायमचे जातात. पहिल्या रीतीला वेळ लागतो आणि हात बसलेला असावा लागतो. दुसरी झटपट होते, पण तिला मागाहून भक्कम कड लागते. या कारागिरीच्या इतिहासात आरीकडून पंचाकडे झालेली वाटचाल सगळीकडे दिसते.

महाराष्ट्राच्या जुन्या पोशाखाने ही अडचण सोडवण्याऐवजी टाळली. धोतर, लुगडे, उपरणे आणि पागोटे यांना शिवणच नाही, मग भोक कुठून असणार? ही वस्त्रे गाठ, कासोटा, निऱ्या आणि वेढे यांवरच अंगावर टिकतात. शिवलेले कपडे आले तेही भोकाविना आले. अंगरखा आणि बाराबंदी बंदांनी आवळत. बाराबंदीचे नावच तिच्या बारा बंदांवरून पडले आहे. बंद म्हणजे कापडाचीच अरुंद दोरी. तिचे टोक शिवणीत धरलेले असते, त्यामुळे ताण एका बिंदूवर न येता शिवणीच्या लांबीवर पसरतो. बंद तुटला तर नवा शिवता येतो, आणि अंग भरले किंवा रोडावले तर गाठ पुढे-मागे घेता येते. चोळीची गाठ समोर बांधली जाई. पारशी समाजाची पांढरी सुती डगलीही बंदांच्या गाठींनीच बांधतात.

गुंडी होती, पण तिच्यासाठीही कापड कापत नसत. कापडाची घट्ट गोळी वळून गुंडी करायची आणि समोरच्या कडेवर दोऱ्याचा फासा शिवायचा. फासा कापडाच्या बाहेर असल्यामुळे कापड अखंड राही. विजारीची आणि परकराची नाडी नेफ्यातून जाते. नेफा म्हणजे कापड दुमडून शिवलेला बोगदा. नाडी बाहेर काढण्यासाठी शिवणीचा थोडा भाग न शिवता ठेवतात आणि त्याच्या कडा आत मुडपतात. तेही तोंडच आहे, पण त्यासाठी एकही धागा तोडलेला नसतो. या सगळ्या युक्त्यांमागे कापडाविषयीचा एक आदर दिसतो. हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या कापडात किती कष्ट जातात हे ज्या समाजाला ठाऊक होते, तो त्याला विनाकारण छेद देत नव्हता. हातात अखंड कापड उरले, तर ते फाटेपर्यंत दहा कामांना येई.

कापलेल्या आणि बांधलेल्या भोकाला मराठीत स्वतःचा जुना शब्द नाही, यात म्हणूनच नवल नाही. ‘काज’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. घर या अर्थाचा ‘काझा’ हा त्यांचा शब्द बटणाच्या घरालाही वापरला जातो, आणि तोच पश्चिम किनाऱ्यावरच्या भाषांत शिरून हिंदीपर्यंत पोहोचला. पाव, बटाटा, चावी, पिंप आणि फीत ही त्याच वाटेने आलेली भावंडे. यांतली फीत तर काजाची सोबतीणच.

हा शब्द ज्या किनाऱ्यावरून आत आला, त्या किनाऱ्याशी कापडाचे गाव असलेल्या भिवंडीचा जवळचा संबंध आहे. भिवंडी कामवारी नदीच्या काठी वसली आहे. कामवारीचे पाणी उल्हासच्या खाडीला मिळते आणि ती खाडी वसईजवळ समुद्राला भेटते. वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती घेतली तोवर दोनशे वर्षे खाडीच्या तोंडाशी बटणांचे कपडे घालणारे लोक राहत होते आणि खाडीच्या आतल्या बाजूला बंद बांधणारे. अशा शेजारात वस्तूबरोबर तिचे नावही येते.

खाडीमुळे आणखी एका जातीचे भोक भिवंडीला माहीत होते, ते शिडाचे. 1657 च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि खाडीकाठी गलबते बांधायला सुरुवात केली. 1659 मध्ये पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारात या जहाजबांधणीची काळजी दिसते. कल्याण-भिवंडीला तयार झालेले गलबत समुद्रात न्यायचे तर पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या खाडीतून जावे लागे. इतिहासात आरमाराची ही सुरुवात किल्ले आणि तोफांच्या भाषेत सांगितली जाते. पण गलबत चालते ते शिडावर, आणि शीड परबाणाला बांधले जाते ते कडेच्या भोकांतून ओवलेल्या दोऱ्यांनी.

शिडाच्या भोकावर येणारा ताण कपड्याच्या भोकापेक्षा कितीतरी मोठा असतो. वारा भरला की शिडाचा सगळा जोर कडेच्या काही बिंदूंवर येतो. म्हणून जगभरचे शीड शिवणारे कारागीर दोन गोष्टी करत आले. एक, शिडाच्या कडेला आतून किंवा बाहेरून दोर शिवायचा, म्हणजे ताण कापडाऐवजी दोर घेतो. दोन, भोकावर दोराचे छोटे वेटोळे ठेवून त्यावरून मेण लावलेल्या सुताने दाट टाके घालायचे. भोक आरीनेच पाडायचे, कापायचे नाही. कोपऱ्यांना, जिथे ताण सर्वांत जास्त, तिथे कापडाचे दुहेरी-तिहेरी ठिगळ आधी लावायचे आणि मग भोक करायचे. मेण लावल्याने सूत पाणी पीत नाही आणि टाका जागचा हलत नाही. धातूची कडी येण्याआधी भोक भक्कम करण्याची यापेक्षा चांगली रीत माणसाला सापडली नव्हती.

कपड्यावरचे काज महाराष्ट्रात रुजले ते मात्र गणवेशामुळे आणि नोकरीमुळे. कंपनी सरकारच्या पलटणींतल्या शिपायाला बटणांचा कोट आला. एकोणिसाव्या शतकात कारकून, शिक्षक आणि वकील यांनी तो उचलला. खाली धोतर, वर कोट आणि डोक्याला पगडी हा पोशाख त्या शतकाच्या छायाचित्रांत सतत दिसतो. त्यात कमरेखालचे वस्त्र गाठीचे आणि वरचे काजाचे. घरातल्या बंडीने बंद सोडले नाहीत, कचेरीतल्या कोटाने काज घेतले. बाईच्या पोशाखात हा बदल आणखी उशिरा आला. गाठीच्या चोळीची जागा पोलक्याने घेतली, आणि पोलक्याला हूक व बटणे लागली.

हाताने काज करणे हे शिवणकामातले सर्वांत चिकाटीचे काम आहे. काजाची लांबी बटणाच्या व्यासाइतकी आणि त्यात बटणाच्या जाडीची भर घालून धरतात. ती खूण करून भोवती बारीक धावदोरा घालतात, म्हणजे दोन पदर एकमेकांवर सरकत नाहीत. मग मधून सरळ चीर देतात आणि कडेने काजटाका घालतात. या टाक्यात प्रत्येक वेळी दोऱ्याचा फेरा सुईखालून घेऊन कडेवर एक गाठ पाडायची असते. गाठी एकमेकींना चिकटून बसल्या की चिरेभोवती सुताची एक कणखर किनार तयार होते. बटण दिवसातून दोनदा त्या किनारीवर घासते, कापडावर नाही. कोटाच्या काजाला एका टोकाला गोल घर ठेवतात, बटणाच्या दोऱ्याला बसायला. शर्टाच्या पट्टीवरची काजे उभी असतात, पण गळपट्टीचे काज आडवे असते, कारण तिथे ओढ आडवी बसते. नीट केलेले काज शर्ट विरला तरी शाबूत राहते. शिंप्याचा हात ओळखायचा तर कॉलरपेक्षा काज पाहावे.

काजटाका शाळेच्या शिवणकामात शिकवला गेला आणि त्यातून तो घरोघरी पोहोचला. मुंबई आणि आसपासच्या शहरांत कपडे शिवण्याचे कारखाने वाढले तसे काज-बटणाचे काम नगावर घरी देण्याची पद्धत पडली. दुपारी चाळीच्या गॅलरीत बसून गठ्ठ्यातल्या शर्टांना काज करणाऱ्या बायकांनी कित्येक घरांचा किराणा आणि मुलांच्या फिया भरल्या आहेत. या कामाचा मोबदला नेहमीच तुटपुंजा राहिला आणि त्याची नोंद कुठल्याही कामगार इतिहासात पुरेशी झालेली नाही. गिरण्यांच्या संपांवर ग्रंथ लिहिले गेले, तसे काजावर झिजलेल्या डोळ्यांवर लिहिले जायला हवे होते. यंत्राने ही मजुरी हळूहळू खाल्ली. अमेरिकेत जॉन रीस यांनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीस काज करणारे यंत्र बाजारात आणले. तशी यंत्रे भारतातल्या कारखान्यांत पोहोचली, आणि पुढे शिंप्यांच्या गल्लीत ‘काज-बटण, ओव्हरलॉक, फॉल-पिको’ अशी पाटी लावलेली दुकाने निघाली. यंत्र आधी टाके घालते आणि मग मधून चीर देते. हाताच्या कामात क्रम उलटा असतो. म्हणूनच यंत्राच्या काजात कापलेल्या धाग्यांची कुसे टाक्यांतून डोकावतात, हाताच्या काजात ती झाकली जातात.

भिवंडी स्वतः कपडे शिवण्यासाठी नव्हे, कापड विणण्यासाठी प्रसिद्ध झाली. उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग रुजवला. विसाव्या शतकात त्याची जागा यंत्रमागाने घेतली आणि मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथल्या शेडमध्ये पुन्हा धडधडू लागले. आज देशातल्या यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांत भिवंडीची गणना होते. इथून निघणारे बहुतेक कापड कोरे असते. त्यावर रंगाई, छपाई, शिवण आणि काज दुसरीकडे होते.

पण मागावरही भोकांवाचून काही चालत नाही. ताण्याचा म्हणजे उभा प्रत्येक धागा वहीच्या तारेतल्या डोळ्यातून आणि मग फणीतून ओवावा लागतो. इंचाला 60 धागे असलेल्या 44 इंची कापडासाठी हे काम सुमारे 2,640 वेळा करावे लागते. इचलकरंजीत या कामाला वहिफणी म्हणतात आणि ते करणारे कामगार वेगळे असतात. डोळा खरबरीत झाला की धागा तुटतो, म्हणून तो गुळगुळीत धातूचा असतो. धोट्याच्या टोकाजवळ बाण्याचा म्हणजे आडवा धागा बाहेर येतो तिथे चिनी मातीचा डोळा बसवतात, कारण धावता धागा लाकूड कापतो. कापडात भोक पडण्याच्या कितीतरी आधी कापडाचा प्रत्येक धागा असा भोकातून गेलेला असतो.

जुन्या मागावर कातडेही पुष्कळ होते. धोट्याला फटका देणारा पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असे. वरून फटका देणाऱ्या मागावर तो दांडीवर सरकत असे, म्हणून त्याला आरपार भोक असे. त्याला ओढणारा पट्टाही कातड्याचाच असे. पिकर मिनिटाला शंभराहून जास्त वेळा हिसका खाई. म्हणून तो करताना कच्च्या कातड्याचे अनेक पदर एकावर एक घालून, दाबून, मुरवत. गिरण्यांत लांब दंडावरून मागांना गती देणारे कातडी पट्टे असत. पट्टा तुटला की दोन्ही टोकांना ओळीने भोके पाडून कच्च्या कातड्याच्या वादीने ती शिवून घ्यायची, हे पट्टे सांभाळणाऱ्या कामगाराचे कसब. भोके एका रेषेत आली तर पट्टा तिथेच पुन्हा तुटे. ती पुढे-मागे अशा दोन ओळींत घेतली की टिके. कोल्हापुरी चप्पल बांधणारे कारागीरही वादीचीच शिवण घालतात. रापीने कापायचे, आरीने टोचायचे आणि कातड्याच्या वादीने शिवायचे, ही त्यांची रीत. या चपलेला 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे पिकर नायलॉनचा झाला, पट्ट्याची जागा प्रत्येक मागाच्या स्वतंत्र मोटारीने घेतली, आणि यंत्रमागाच्या शेडमधून कातडे जवळजवळ गेले.

धातूची कडी, जिला आता सगळे आयलेट म्हणतात, ती युरोपात 1820 च्या दशकात आली. बायकांच्या आवळ कंचुक्या आणि बूट यांना तिची गरज होती. दोरी घट्ट ओढली की सुताने बांधलेले भोक फाटे. पातळ पितळेची नळी भोकातून घालायची आणि तिची कड ठोकून बाहेर वळवायची, ही कल्पना साधी होती. ती अमलात येण्यासाठी पातळ पत्रा स्वस्तात आणि एकसारखा दाबून काढणारी यंत्रे लागली, आणि ती त्याच काळात आली. पुढे मागच्या बाजूला वॉशर जोडून दोन भागांची कडी झाली. ती भारतातही आली. नाडीच्या टोकाला धातूची, नंतर प्लॅस्टिकची टोपी आली, म्हणजे टोक न उसवता भोकातून जावे.

भोक कशालाही उपयोगी नसले तरी सुंदर दिसते, आणि तसे भोक यंत्राने करणेही याच एकोणिसाव्या शतकात आले. स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली यांनी 1863 मध्ये शिफली भरतकाम यंत्र तयार केले. त्यावर कापडाला बारीक भोके पाडून कडा भरून काढता येऊ लागल्या. असे कापड महाराष्ट्रात हकोबा या व्यापारी नावानेच ओळखले जाते. उन्हाळ्याच्या पोलक्यांवर आणि मुलींच्या झग्यांवर ते अजून चालते, आणि झग्याच्या भोकांतून रिबीन ओवली की ते जुने काम पुन्हा सुरू होते.

भिवंडीत धातूच्या कडीचे खरे राज्य आहे ते ताडपत्रीवर. कोकणातल्या पावसात माणूस आणि माल झाकण्यासाठी आधी पानांचे इरले, झावळ्या आणि गवताचे छप्पर होते. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. उघड्या वाघिणींतून जाणारा कापूस आणि धान्य झाकायला डांबर किंवा मेण लावलेले जाड सुती कापड लागले. ताडपत्री हे नाव इंग्रजी टारपॉलिनचे कानावर पडलेले रूप मानले जाते. मराठी कानाने त्याला ओळखीच्या ताडपत्राचे वळण दिले, आणि पानांनी झाकण्याची जुनी आठवण त्या शब्दात राहून गेली.

मालमोटारी आल्या आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरची भिवंडी वाहतुकीचे मोठे ठाणे झाली. मुंबईची जकात आणि जागेचे भाव टाळण्यासाठी माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या गावांच्या शेतजमिनींवर गोदामे उभी राहिली. कोऱ्या कापडाच्या गाठी, धान्य, रसायने, औषधे, आता घरपोच वस्तूंची खोकी, सगळे इथे उतरते आणि इथून चढते. पावसाळ्यात या मालाची भिस्त ताडपत्रीवर असते. आणि ताडपत्रीची भिस्त कड्यांवर.

तीस बाय वीस फुटांच्या ताडपत्रीचा घेर शंभर फूट. दर तीन फुटांना एक कडी धरली तर सुमारे 33 कड्या होतात. उभ्या गाडीवर त्यांना फारसे काम नसते. गाडी वेगाने धावू लागली की वारा आत शिरतो, ताडपत्री फुगते आणि फडफडते, आणि प्रत्येक कडीला सारखे हिसके बसतात. एक कडी निखळली की तिच्या वाट्याचा ताण शेजारच्या दोघींवर जातो, मग त्या निखळतात. घाटातून येणाऱ्या गाडीची ताडपत्री एका बाजूने झेंड्यासारखी फडफडताना दिसते, तिची सुरुवात बहुधा एका कडीपासून झालेली असते. जाणता चालक म्हणून सगळा भार कड्यांवर टाकत नाही. वरून आडवातिडवा दोर टाकून गाडीच्या हुकांना आवळतो.

कडी कशाची, हेही महत्त्वाचे. पितळ गंजत नाही, पण महाग. लोखंड स्वस्त, पण खाडीकाठच्या खारट दमट हवेत लवकर गंजते. आणि गंज केवळ कडी खात नाही. तो सुती तंतूंचे ऑक्सिडेशन वाढवतो, त्यामुळे कडीभोवतीचे कापड तपकिरी होऊन जळल्यासारखे ठिसूळ पडते आणि धडधाकट कडी कापडासकट गळून येते. सुती कापडावर लोखंडी कडी ठोकणे ही खोटी बचत आहे. आज बहुतेक ताडपत्र्या विणलेल्या प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यांना ॲल्युमिनियमच्या कड्या बसवतात. भारतीय मानक आयएस 7903 अशा ताडपत्र्यांसाठी आहे. सुती मेणकापडासाठी वेगळे मानक आहे, आयएस 2089. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीची कड दुमडून आत दोरी ठेवतात आणि मग त्या दुमडीवर कडी ठोकतात. म्हणजे ताण आधी दोरीवर आणि मग कापडावर येतो.

बंद कंटेनरच्या गाड्या वाढल्या तशी रस्त्यावरची ताडपत्री कमी होऊ लागली आहे. आयलेट मात्र घरात शिरले आहे. पडद्याच्या वरच्या पट्टीत मोठ्या कड्या बसवून त्यांतून दांडी घालतात, आणि त्या कड्या आता हाताने दाबून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्याही मिळतात. ट्रॅकपँटच्या नेफ्याला नाडीसाठी दोन कड्या येतात, जिथे पूर्वी न शिवलेले तोंड असे. बंद मात्र आता मुख्यतः सणासुदीच्या अंगरख्यावर आणि डगलीवर उरले आहेत.

कोपऱ्यांना मात्र कारागीर अजून विसरलेला नाही. सुती असो की प्लॅस्टिकची, चांगल्या ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांना आधी जादा पदराचे ठिगळ लागते, आणि मगच त्यावर कडी ठोकली जाते.